पुरीपर्यंत गेलेली गाडी

(अड्याळ. तुलाराम ड्रायव्हरच्या घरासमोर, कडुलिंबाखाली उभी असलेली जुनी हिरवी पिकअप. धरणाच्या पुनर्वसन वस्तीतून ती विकत घ्यायला आलेली करुणा गाडीखाली वाकून पाहते आहे. तिचे वडील इश्वर आल्यापासून पत्र्यावरून हात फिरवत गाडीभोवती फिरताहेत.)

करुणा : ...गळते ना पण, काका. हे पाहा, मागच्या चाकांमधल्या हाउसिंगपाशी सगळं तेलानं ओलं आहे. हात लावला तर काळा झाला.

तुलाराम : गळते कोन म्हनते, बाई? पाझरते. गळनं अलग अन् पाझरनं अलग. सील बदलवलं का झालं. पंधरा सालाची गाडी आहे, थोडी तं पाझरनच.

करुणा : सोळा. आरसीवर दोन हजार नऊ लिहिलं आहे.

तुलाराम : हाव, तं सोळा. तुमी कागद वाचता, मी इंजिन आयकतो. सेल्फ मारू का अजून एक खेप?

करुणा : दोनदा मारला. इंजिनाला मी नाव ठेवतच नाही. फोर-व्हील लागते का बरोबर?

तुलाराम : लागते म्हंजे! हा छोटा दांडा मांगं वढाचा, बस. मांडीइतक्या चिखलात उभी करा. बाहेर नाई निंघाली तं फुकट घेऊन जा.

करुणा : मला चिखलातच न्यायची आहे. बोटीचा ट्रेलर ओढायचा आहे हिनं. पाणी उतरलं की काठाला गुडघाभर गाळ राहते. सकाळी बोट पाण्यात सोडायची, संध्याकाळी परत वर ओढून आणायची. आतापर्यंत ट्रॅक्टर बोलवत होतो, पण धानाचा सीझन आला की ट्रॅक्टरवाला फोनच उचलत नाही.

तुलाराम : बोट कोनाची?

करुणा : आमच्या गटाची. आठ बायका आहोत. शनिवार-रविवारी नागपूरचे पाहुणे येतात. दोन तंबू लावतो, मासोळी-भात देतो, बोटीत फिरवून आणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना जंगल पाहायचं असते. तिकडं फिरवायलाही हीच गाडी होईल. मागं दोन बाकं टाकली की सहा जण बसतात. डिझेलची घरघर त्यांना नको असते, म्हणून पेट्रोलची शोधते आहे. चार महिने झाले.

तुलाराम : पेट्रोलची पिकअप अन् थेही फोर-व्हील, तुमाले भंडाऱ्यात भेटत नाई, बाई. हे लिहून घ्या. फिराचं म्हनता तं सांगतो. मी अन् आमची शकुंतला, मांगं ताडपत्री बांधली, गादी टाकली, छोटा सिलेंडर ठेवला अन् निंघालो. पचमढी केली. अमरकंटक केलं. तीन साल आधी जगन्नाथपुरी! जाऊन-येऊन सतराशे किलोमीटर. एक पंक्चर नाई. बायको म्हने, आता देवालेच घेऊन चला घरी, गाडीत जागा आहे.

करुणा : ॲव्हरेज किती देते?

तुलाराम : खोटं नाई बोलत. खाली असली तं दहा. वढाले लावली तं सात समजा. पेट्रोल पेते थे पेतेच. पन रस्त्यात उभी नाई करत तुमाले.

करुणा : मग विकता कशाला?

तुलाराम : डोळे. काचबिंदू आहे म्हनते डॉक्टर. समोरचं दिसते पन कडेचं धुकट. आता तुमी हितं उभ्या आहा थे दिसते, तुमचे बाबा तिकडं आहेत तं नुसती सावली फिरते. ड्रायव्हर मानसाले हे झालं का संपलं.

इश्वर : हूक कवाचा आहे?

तुलाराम : आँ? कोनता हूक, दादा?

इश्वर : मांगचा. टोचनाचा.

तुलाराम : थो पयल्यापासूनचा. वेल्डिंग करून लावला आहे. अँगल पाहा किती जाड. खालून चेसिसले बोल्ट मारले आहेत. काहीबी वढा.

इश्वर : काहीबी.

तुलाराम : हाव. मुरमाचा भरलेला ट्रक वढला आहे मी यानं.

करुणा : काका, एक अडचण आहे. आरसीवर रंग पांढरा लिहिला आहे आणि गाडी तर हिरवी. नाव बदलताना आरटीओत विचारतील.

तुलाराम : रंग मीच बदलवला. एजंटाले सांगा, थो करते.

करुणा : पांढरा का नाही ठेवला?

तुलाराम : जुना झाला होता. पापुद्रे निंघून राहिले होते.

करुणा : पहिला मालक कोण? इथं जुन्या कागदांत कुठल्यातरी कन्स्ट्रक्शनचं नाव दिसते.

तुलाराम : ठेकेदार होता एक, नागपूरचा. आता नाई राहिला थो. मी त्याच्याकडं गाडीवर होतो. काम सरलं तवा आठ महिन्याचा पगार बाकी होता माहा. पैसे नाई म्हने, गाडी ने. नेली.

इश्वर : भोंगा काढून टाकला?

तुलाराम : काय म्हनलं?

इश्वर : टपावर भोंगा होता. चार छेद आहेत मधात. पुट्टी भरून बुजवले तुमी. हात फिरवला तं लागतात.

तुलाराम : थे कॅरिअरचे आहेत, दादा.

इश्वर : कॅरिअरचे कडेले असतात.

करुणा : बाबा, भोंग्याचं काय करायचं आहे आपल्याला? तुम्ही टायर पाहा ना जरा.

इश्वर : “चिचटोलीच्या गावकऱ्यायले कळवन्यात येते का धरनाचं पानी परवाच्या रोजी गावात शिरून राहिलं. दोन दिवसात घरं खाली करा. जो राहीन थो आपल्या जबाबदारीवर राहीन.” तीन चकरा मारल्या होत्या गाडीनं, हनुमानाच्या पाराभवती. मघा तुमी म्हनलं ना, गळनं अलग अन् पाझरनं अलग, तवाच कान उभे झाले माहे. आवाज नाई बदलला तुमचा.

तुलाराम : ...तुमी चिचटोलीचे?

इश्वर : होतो.

करुणा : ती गाडी हीच, काका?

तुलाराम : बाई, गंज, ढीगभर गाड्या होत्या तवा धरनाच्या कामावर. पांढऱ्या पिकअपा तं पाच-सहा असतीन.

इश्वर : पेट्रोलची एकच होती. बाकी साऱ्या डिझेलच्या. आमच्या लेकरायले बी आवाजावरून कळे कोनती येऊन राहिली.

तुलाराम : मी ड्रायव्हर होतो, दादा. भोंगा हातात देल्ला, बोल म्हनलं, बोललो.

इश्वर : थे ठीक आहे.

तुलाराम : वरून सांगतलं, मी...

इश्वर : ठीक आहे म्हनलं ना. बोलनाऱ्याचं काय असते? मले दुसरं इचाराचं आहे. थे कोंबडीचं.

तुलाराम : कोनती कोंबडी?

करुणा : बाबा, आजीची? बाबा, तो ड्रायव्हर पण हेच?

इश्वर : इचार त्यायलेच.

करुणा : काका, माझी आजी धुरपता. पाराच्या मागं आमचं घर होतं, दारात निंबोणीचं झाड. मी आठवीत होते. सगळं गाव निघालं, बैलबंड्या लागल्या, ती उंबऱ्यावरून उठेना. बाबांनी समजावलं, सरपंचही येऊन सांगून गेला. तिची एकच गोष्ट, माझी कोंबडी खुडूक आहे, बारा अंड्यांवर बसली आहे, दिवसा हलवली तर अंडी सोडून देईल. लोक हसले. पाणी येऊन राहिलं आणि बुढीला कोंबडीची पडली. मग पांढऱ्या गाडीचा ड्रायव्हर आला. तो नाही हसला. तिच्याजवळ जमिनीवर बसला. माय म्हणाला तिला. म्हणाला, माय, तुयं बरोबर आहे, खुडूक कोंबडी दिवसा हलवत नाई. तू आता चल, दिवेलागनीले मी तुले ह्याच गाडीनं वापस आनतो, टोपलीसकट घेऊन जाऊ. तेव्हा उठली ती. तुम्ही दार उघडून दिलं आणि ती पुढच्या सीटवर बसली. जन्मात पहिल्यांदा. मी मागं सामानावर बसले होते, काचेतून तिचं डोकं दिसत होतं. ते तुम्हीच ना?

तुलाराम : माय वारली का?

इश्वर : पयले मी इचारतो थे सांग. काहून नाई आला तू?

तुलाराम : येनार होतो मी...

इश्वर : माय रोज बसे. पुनर्वसनाच्या फाट्यावर, पुलाच्या कठड्याले टेकून. टिनाच्या शेडात आमी सात जन, थंडीनं काकडत होतो, अन् थे संध्याकाळ झाली का लुगडं झटकून चालली फाट्यावर.

करुणा : मी जायचे सोबत. गाडी आली की उभी राहायची, मग म्हणायची, नाई, हे डिझेलची आहे. तिला फरक कळायला लागला होता. दिवाळीपासून होळीपर्यंत. नंतर चालताच येईना. मग खाटेवरून विचारायची, आली का गं? वैशाखात गेली.

तुलाराम : होळीपर्यंत...

इश्वर : पुरीपर्यंत गेली म्हनते तुयी गाडी. सतराशे किलोमीटर. चिचटोलीपासून आमची वस्ती पंधरा आहे. थे पंधरा नाई झाले तुयानं.

तुलाराम : येऊन काय दाखवलं असतं, दादा? घरच नव्हतं.

करुणा : म्हणजे?

तुलाराम : मायले वस्तीवर उतरवलं अन् तसाच वापस आलो. दुपारचे दोन वाजले असतीन. मुकादम दोर घेऊन उभाच होता. एक टोक चौकटीले बांधलं, एक ह्या हुकाले. पयला गिअर टाकला, फोर-व्हील टाकली. चौकट येत नव्हती. तीन खेपा झटका देल्ला, मंग आली. थे आली का भिंतीनं बी जागा सोडली.

इश्वर : येनार नव्हतीच थे. माह्या बुढ्यानं बसवली होती, वीतभर आत गाडून. आमी लग्नात रंग देल्ला होता तिले.

तुलाराम : निळा होता.

इश्वर : हाव. निळा.

करुणा : आणि कोंबडी?

तुलाराम : जाऊ द्या ना, बाई.

करुणा : नाही. सांगा.

तुलाराम : मजुरायनं पकडली. त्याच संध्याकाळी रांधली, पाराजवळ.

करुणा : तुम्ही होतात तिथं?

तुलाराम : गाडी तिथं होती तं मी कोठी जाईन?

करुणा : जेवलात?

तुलाराम : ताट समोर आलं.

करुणा : काका, खाल्ली का तुम्ही?

तुलाराम : हाव. खाल्ली. बायकोले बी सांगतलं नाई हे मी कवा. धरनाकडं गाडी नेली नाई त्या दिवसापासून. शकुंतला म्हने, लोकं धरन पाहाले जातात, आपल्याले इथून एवढंसं, चला ना. मी तिले पुरीले घेऊन गेलो.

इश्वर : असू दे आता.

करुणा : काय असू दे, बाबा?

इश्वर : अगं, पगारी मानूस होता थो. त्याले सांगतलं, त्यानं केलं. मी त्याच्या जागी असतो तं काय केलं असतं? माह्या दीड एकर बांधीत धान उभा होता. लोंबी पिवळी झाली होती, आठ-दहा दिवसात कापनी. सोडून निंघालो. पोट्ट्यायले घेऊन जाऊ का धान कापत बसू? अन् पानी आलं कवा? पुढच्या पावसात. वरच्यायचा हिसाब चुकला, म्हनलं. धरनाचं पानी आहे, त्याचा काय भरोसा. बारा-तेरा सालापासून सोताले हेच सांगतो मी. हुकूम होता. हुकमापुढं ना आपलं चालत, ना ड्रायव्हरचं.

तुलाराम : हुकूम नव्हता, दादा.

इश्वर : काय नव्हता?

तुलाराम : दोन दिवसाचा हुकूम नव्हता. कागदावर चाळीस दिवस होते.

करुणा : काय बोलता तुम्ही?

तुलाराम : चाळीस दिवसाची मुदत होती गाव खाली कराची. थो कागद गाडीतच पडला होता, डॅशबोर्डवर. ठेकेदारानं उचलला अन् खिशात टाकला. मले म्हने, तू भोंग्यावर दोन दिवस बोल. परवा पानी येते म्हन.

इश्वर : कायले?

तुलाराम : लाकूड. चिचटोलीतले घरं जुने होते. सागाच्या मयाली, तुळया, खांब, चौकटी. आजकाल भेटत नाई तसा साग. लोकायले चाळीस दिवस भेटले असते तं आपापलं लाकूड काढून, बंडीवर लादून घेऊन गेले असते. नागपूरचा लाकडाचा व्यापारी शनिवारी ट्रक लावनार होता. म्हनून दोन दिवस.

करुणा : चाळीस दिवसात धान कापून, चुरून, पोत्यात भरून झाला असता.

तुलाराम : झाला असता.

करुणा : कोंबडीचे पिल्लं निघाले असते, काका! एकवीस दिवस लागतात त्याला!

इश्वर : तुले माहीत होतं हे? तवाच?

तुलाराम : कागद मी वाचला होता. सातवी पास आहे मी.

इश्वर : अन् तरी भोंग्यावर...

तुलाराम : बोललो.

इश्वर : माह्या मायजवळ बसला तवाबी माहीत होतं?

तुलाराम : हाव.

इश्वर : मंग आता काहून सांगतलं? मी तं सोडून देल्लं होतं. आत्ता, तुयासमोर, तुयाच आंगनात सोडून देल्लं होतं. गप राहाचं होतं. गाडी विकाची होती, पैसे घ्याचे होते, झालं असतं.

तुलाराम : तुमी हुकूम-हुकूम म्हनून राहिले. माह्यानं आयकलं नाई गेलं.

इश्वर : तुयानं आयकलं नाई गेलं! तुयं मन हलकं झालं. अन् माह्याजवळ एवढंच होतं का पानी येनार होतं, कोनाचा इलाज नव्हता. थेबी घेतलं तू.

करुणा : बाबा, चला. नाही घ्यायची ही गाडी. काका, तुमचे कागद घ्या. चला बाबा, साडेबाराची बस भेटन.

इश्वर : थांब.

करुणा : नाही, मला हात नाही लावायचा हिला.

इश्वर : थांब म्हनलं ना. दुसरी कोठी पाहून ठेवली आहे?

करुणा : मिळेल कुठंतरी.

इश्वर : चार महिन्यापासून मिळूनच राहिली. नागपूरची पाहिली थे साडेपाच लाखाची. गोंदियाची पाहिली, तिची चेसिस सडली होती. सात बायका तिकडं वाट पाहून राहिल्या का करुणा गाडी घेऊन येते. शनिवारी पंधरा पाव्हने येऊन राहिले. बोट कोन वढन? मी?

करुणा : बाबा, ह्याच हुकाला? ह्याच हुकाला माझी बोट बांधू मी? आजीच्या दाराची चौकट...

इश्वर : तुयी बोट कोठून चालते, करुणा?

करुणा : म्हणजे?

इश्वर : पाव्हन्यायले काय सांगतेस तू? मी काठावर जाळं दुरुस्त करत बसतो, आयकू येते मले. म्हनतेस, इथं खाली गाव आहे. उन्हाळ्यात हनुमानाच्या देवळाचा कळस दिसते. मंग थे मोबाइल काढतात, पान्याचे फोटो घेतात. आजीच्या चुलीवरून बोट नेतेस तू अन् अडीचशे रुपये घेतेस मानशी. मी कवा बोललो काही?

करुणा : ...आम्ही करायचं काय मग, बाबा? पोट आहे.

इश्वर : मीबी तेच म्हनून राहिलो. पोट आहे. गाव गेलं, बांधी गेली, लाकूड गेलं, आता त्या पान्यातून जे निंघते थे काढाचं. मासोळी निंघते तं मासोळी, पाव्हना निंघते तं पाव्हना. गाडी बी त्यातलीच समज. ह्या हुकानं घर वढलं, आता बोट वढन. लोखंडाले काय समजते?

करुणा : आणि ह्यांना पैसे द्यायचे?

इश्वर : गाडीचे द्याचे. त्याचे नाई.

तुलाराम : दोन लाखाले घेऊन जा, दादा.

इश्वर : किती ठरले होते, करुणा?

करुणा : दोन साठ. फोनवर दोन ऐंशी होते, इथं आल्यावर दोन साठ केले मी.

इश्वर : मंग दोन साठ दे.

तुलाराम : नोका ना, दादा. साठ हजार कमी घेतले तं मले...

इश्वर : तुले काय? तुले झोप येईन? अन् मी साठ हजार घेऊन घरी जाऊ, माहाबी हिसाब झाला म्हनून? नाई. करुणानं घासाघीस करून कमी केले थे तिच्या मेहनतीचे. तू सोडून देल्लेले नोको आमाले. बाजाराच्या भावानं गाडी विकून राहिला ना तू? आमीबी बाजाराच्या भावानंच घेऊन राहिलो.

तुलाराम : सील बदलवून देतो मंग. तेवढं तरी.

इश्वर : थे ती बदलवन. हात आहेत तिले.

करुणा : बाबा, खरंच घेऊ?

इश्वर : घे. अन् रंग नोको बदलवू. हिरवीच राहू दे. पांढरी दिसली तं वस्तीतले बुढे उठून उभे राहतीन.

करुणा : काका, हे ट्रान्सफरचे फॉर्म. इथं सही करा. इथं. आणि खाली फुली मारली आहे तिथं.

तुलाराम : फुली कोठी आहे? दिसत नाई बरोबर.

करुणा : बोट ठेवलं आहे मी. ह्याच्या पुढं.

तुलाराम : झाली?

करुणा : अजून एक. विकल्याची पावती. वाचून दाखवू?

तुलाराम : नोको, बाई. तुमी लिहिलं थे बरोबरच असन.

करुणा : वाचून दाखवते. आपल्याकडं कागद वाचून दाखवायची फार गरज आहे. “मी, तुलाराम, राहणार अड्याळ, माझ्या मालकीची चारचाकी गाडी दोन लाख साठ हजार रुपयांना विकली असून रक्कम पूर्ण मिळाली. गाडीवर यानंतर माझा कोणताही हक्क राहिलेला नाही.” करा सही.

तुलाराम : केली.

करुणा : पैसे मोजून घ्या. काकूंना बोलवा हवं तर.

तुलाराम : तिले नोका बोलवू. आत भाजी निसून राहिली आहे. इथं काय झालं थे तिले... नोका बोलवू.

करुणा : मोजा मग तुम्हीच.

तुलाराम : बरोबर असतीन. ठेवतो.

करुणा : दोन्ही चाव्या?

तुलाराम : एक हे. अन् एक आरशाच्या मांगं डकवली आहे. अन् बाई, फोर-व्हील टाकतानी गाडी उभी करूनच टाका, चालत्यात दात वाजतात. थंडीत सेल्फ दोन-तीन खेपा मारा लागते. बस, एवढंच आहे तिचं. दादा...

इश्वर : काय?

तुलाराम : मायनं मले गंज सराप देल्ले असतीन.

इश्वर : नाई.

तुलाराम : खोटं नोका बोलू, दादा. माह्या डोळ्याचं झालं तवाच मी समजलो. म्हनलं, थेच भोवून राहिलं.

इश्वर : तुयासाठी कायले खोटं बोलू मी? सराप देल्ला असता तं बरं झालं असतं. म्हने, भला मानूस आहे थो, कामात अडकला असन, येते. आमी कोनी तुले शिवी देल्ली तं आमच्यावर चिडे. खाटेवर होती तवाबी तेच. भला मानूस आहे म्हने. तुयं नाव बी माहीत नव्हतं तिले. करुणा, काढ गाडी. झाडाची फांदी पाहून मांगं घे.

करुणा : आणि तुम्ही, बाबा?

इश्वर : तू चल. मी बसनं येतो.